हे त्यायचं नाही वाटत मले

वाचकाचं पत्र:

ताई, नमस्कार. मी दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. वय 31. विनाअनुदानित शाळेत हिंदी शिकवतो, घरचं पाच एकर वावर आहे. आमच्या गावच्या गुरुजींनी वऱ्हाडीत चौदा कथा वह्यांमध्ये लिहून ठेवल्या होत्या. कधी छापल्या नाहीत. गुरुजी 2019 मध्ये गेले. मागच्या दिवाळीत त्यांच्या पत्नीनं, आम्ही त्यांना बाईच म्हणतो, त्या वह्या माझ्या हाती दिल्या आणि म्हणाल्या, याचं काही तरी कर. भोपाळच्या एका हिंदी मासिकाच्या संपादकांनी तीन कथा मागितल्या. पहिली हिंदीत करायला मला सव्वा महिना लागला. दुसरी आणि तिसरी मी टाइप करून मोबाईलवरच्या एआय सहायकाला दिली. दोन रात्रींत काम झालं. संपादक म्हणाले, भाषा बहुत साफ है. मग मी दुसरी कथा बाईंना वाचून दाखवली. त्यांना हिंदी चांगली कळते. अर्ध्यातच मला थांबवून त्या म्हणाल्या, "हे त्यायचं नाही वाटत मले." तेव्हापासून कशात मन लागत नाही. एआय वापरणं ही फसवणूक आहे का? वापरायचं तर कसं? संपादकांना सांगू का? मूळ पानांचे फोटो आणि एआयची हिंदी सोबत पाठवतो.
— एक वाचक, जि. यवतमाळ

भाऊ,

तुमची पानं मी दोन संध्याकाळी घेऊन बसले. आधी मूळ वाचलं, मोठ्यानं. मग हिंदी वाचली, तीही मोठ्यानं. बाईंचा कान खरा आहे. त्यांनी ज्या पानावर तुम्हाला थांबवलं असेल, ते पान मला सापडलं असं वाटतं.

गुरुजींनी लिहिलंय: "तीन दिसापासून झड लागली होती. बुढा धुऱ्यावर बसून पऱ्हाटीकडं पाहून ऱ्हायला होता."

एआयनं लिहिलंय: "तीन दिन से मूसलाधार बारिश हो रही थी। एक बूढ़ा धुरी पर बैठा कपास को देखता रह गया।"

हिंदी म्हणून वाक्यात खोट नाही. व्याकरण शुद्ध, वाचायला गुळगुळीत. आता एकेक शब्द हातात घेऊ. झड म्हणजे मुसळधार नव्हे, हे तुम्हाला मी सांगायला नको. बारीक, न थांबणारा, दिवसच्या दिवस सूर्य न दिसू देणारा पाऊस. मुसळधार पाऊस येतो आणि जातो, माणूस छपराखाली उभा राहून वाट पाहू शकतो. झडीत पऱ्हाटी पिवळी पडते, मुळं गुदमरतात आणि हाती काही करण्यासारखं नसतं. म्हणून तर तो बुढा बसलाय. पाऊस बदलला की त्याचं बसणंच समजेनासं होतं. आणि गंमत अशी की हिंदीत हाच शब्द घरचा आहे: झड़ी. सावन की झड़ी कोणाही हिंदी वाचकाला कळते. यंत्राला जवळचा शब्द होता, त्यानं लांबचा घेतला.

"बुढा" म्हणजे कोणी एक म्हातारा नाही. आपल्याकडं पोरगा स्वतःच्या बापाला "माहा बुढा" म्हणतो, त्यात माया असते. कथा मुलाच्या तोंडून आहे. "एक बूढ़ा" म्हटल्याबरोबर बाप परका झाला. "धुरा" म्हणजे दोन वावरांमधली हद्द. यंत्रानं त्याला गाडीच्या आसावर नेऊन बसवलं. आणि "पाहून ऱ्हायला होता" म्हणजे पाहत होता, एवढंच. "देखता रह गया" म्हणजे थक्क होऊन बघतच राहिला. झडीत बुडणारं पीक बघणारा बाप थक्क झालेला नाही. तो रोज बघतोय.

माझ्या मते ते असं व्हावं: "तीन दिन से झड़ी लगी थी। बाप मेड़ पर बैठा कपास को ताक रहा था।" तुम्हाला याहून चांगलं सुचेल, कारण गुरुजींचा आवाज तुम्ही ऐकलाय, मी नाही.

तिसऱ्या कथेत तर हाच धुरा सगळी कथा घेऊन बुडाला. मूळ वाक्य, "दोघा भावाईचं धुऱ्यावरून भांडण लागलं." हिंदीत झालं, "दोनों भाइयों में नेतृत्व को लेकर झगड़ा हो गया।" पुढं सहा पानं हद्दीचे दगड, मोजणी, तारखा, कोर्टाच्या चकरा येतात. भोपाळचा वाचक समजेल की हे कोणत्या तरी पक्षातल्या पदाचं भांडण आहे. संपादकांना भाषा साफ वाटली ती म्हणूनच. अडखळायला काही उरलंच नाही, आणि मूळ त्यांच्यासमोर नव्हतं.

हे असं का होतं ते समजून घ्या, म्हणजे राग यंत्रावर काढावा लागणार नाही आणि भरवसाही किती ठेवायचा ते कळेल. आजचे हे बहुतेक सहायक ज्या रचनेवर उभे आहेत, ती 2017 साली गूगलच्या संशोधकांनी मांडली आणि तिची पहिली परीक्षा त्यांनी भाषांतरावरच घेतली होती, इंग्रजीतून जर्मन आणि इंग्रजीतून फ्रेंच. म्हणजे भाषांतर हे या यंत्राचं मूळ काम म्हटलं तरी चालेल. पण त्या भाषांचे लिखित ढीग प्रचंड आहेत. यंत्र जे शिकतं ते लिहिलेल्यातून शिकतं. 2011 च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे 8 कोटी 30 लाख होते. आपले बुलडाणा, अकोला, वाशिम, अमरावती, यवतमाळचे वऱ्हाडी बोलणारे त्यातच मोजलेले. बोलणारे इतके, पण नेटवर लिहिलेली मराठी बहुतेक वर्तमानपत्री आणि पुस्तकी. तिथं "धुरा" येतो तो "पक्षाची धुरा सांभाळली" असा. "वावर" येतो तो "त्यांचा राजकारणातला वावर" असा. "जाऊन राहिला" येतं ते "मुंबईला जाऊन राहिला" असं. यंत्र जास्तीत जास्त वेळा पाहिलेल्या अर्थाकडं झुकतं, कारण पुढचा सर्वात संभाव्य शब्द निवडणं हेच त्याचं काम. गुरुजींसारखा लेखक नेमका उलटा चालतो. त्याचा शब्द त्याच्या शिवारातला असतो.

यातली एक गोष्ट मला फार लागली. आपली वऱ्हाडी हिंदीला प्रमाण मराठीपेक्षा कितीतरी जागी जवळची आहे. "कुठी जाऊन ऱ्हायला रे?" असं आई विचारते. "कहाँ जा रहा है रे?" शब्दाला शब्द बसतो, "रे" सुद्धा सुटत नाही. यंत्रानं केलं, "बेटा, तुम कहाँ जाकर रह गए?" ते वऱ्हाडीतून हिंदीत गेलंच नाही. आधी वऱ्हाडीला पुस्तकी मराठी समजलं, मग तिथून निघालं. वऱ्हाड 1903 पासून मध्य प्रांताच्या कारभारात होता, 1956 पर्यंत आपण मध्य प्रदेशात होतो, वर्ध्याला राष्ट्रभाषा प्रचार समिती 1936 पासून आहे. हिंदी आपल्याला शेजारीण आहे. शेजारणीच्या घरी मागच्या दारानं जायचं असतं, आणि ते दार तुम्हाला माहीत आहे.

आता माझी एक चूक सांगते, कारण तुम्ही स्वतःला फार कोसताय.

मी वरूड तालुक्यात राहते. हिंदीच्या शिक्षिका म्हणून निवृत्त झाले आणि तीस वर्षांपासून मराठीचं हिंदी, हिंदीचं मराठी करते. दोन वर्षांपूर्वी एका लेखकाची कथा मला आठ दिवसांत द्यायची होती, त्यातले पाच दिवस तापात गेले. मी यंत्राकडून खर्डा करून घेतला आणि स्वतः तपासला. दोनदा तपासला. छापून आल्यावर लेखकाचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्त लागलं. म्हणाले, "ताई, माझा लहान भाऊ यात्रेत हरवला होता. प्रवासात नाही." कथेत गावची यात्रा होती, पाळणे, रेवड्या, गर्दी. हिंदीत छापलं होतं, "यात्रा में खो गया।" हिंदी वाचकाला दिसली रेल्वे. तीस वर्षं मी मुलांना शिकवलं की मराठीतली यात्रा म्हणजे हिंदीत मेला, मराठीतला राग म्हणजे हिंदीत गुस्सा, मराठीतली शिक्षा म्हणजे हिंदीत सज़ा. तरी डोळ्याखालून गेलं. लेखकाचा तो भाऊ पुन्हा सापडला नव्हता. ती कथा त्यांनी त्याच्यासाठी लिहिली होती.

मी खूप विचार केला की हे सुटलं कसं. माझं हिंदी कच्चं नाही, मूळ समोर होतं, वेळ कमी होता पण अगदीच नव्हता असं नाही. जे कळलं ते असं. दुसऱ्यानं केलेला खर्डा तपासताना डोळा वाक्यातली चूक शोधतो, आणि यंत्राच्या वाक्यात तशी चूक नसते. वाक्य बरोबर दिसलं की डोळा पुढं सरकतो. मूळ कथेकडं आपण मग पडताळ्यापुरतं बघतो, ऐकत नाही. शिवाय एकदा एक वाक्य हिंदीत कानात बसलं की दुसरं सुचायचं थांबतं. तुम्ही स्वतः करून बघा: "देखता रह गया" वाचल्यावर "ताक रहा था" शोधायला किती वेळ लागतो, आणि न वाचता किती.

म्हणून माझा तुम्हाला एकच आग्रह आहे, बाकी सगळं त्याच्यामागून येतं. पहिला खर्डा तुमचा हवा. यंत्र त्याच्यानंतर. पेरणीला पहिलं तास, म्हणजे पहिली ओळ, घरातला जाणता माणूस घेतो की नाही? ते सरळ पडलं की पुढची सगळी तासं त्याच्याकडं पाहून पडतात. नंतर तिफण, म्हणजे पेरायचं अवजार, कोणाच्याही हाती दिली तरी चालते.

आणि तो खर्डा तोंडी करा. गुरुजींच्या कथा सांगितलेल्या कथा आहेत, लिहिल्या नंतर. बाईंना नाही तर गावातल्या कोणा जाणत्याला एक पान मोठ्यानं वाचायला सांगा, मोबाईलवर रेकॉर्ड करा, दोनदा ऐका. मग वही बंद करून तेच पान हिंदीत सांगा, समोर भोपाळचा कोणी बसलाय असं समजून. तेही रेकॉर्ड करा. टाइप करायचा कंटाळा असेल तर मोबाईलचं बोलून लिहिण्याचं साधन हिंदी बऱ्यापैकी उतरवतं. असा खर्डा ओबडधोबड होतो, पण त्यात श्वास गुरुजींचा असतो. दुसऱ्या कथेत गुरुजी लिहितात, "चालला, चालला, चालला, आन् पाय दुखाले लागले तवा बसला." यंत्रानं त्याचं "वह बहुत देर तक चलता रहा और थककर बैठ गया" केलं. तोंडानं सांगितलं असतं तर तुमच्याकडून आपोआप "चलता गया, चलता गया, चलता गया" आलं असतं. तीनदाच आलं असतं.

यंत्राचा उपयोग काय मग? खूप आहे. मी आजही रोज वापरते, आणि चांगल्या कामाला वापरते.

शब्द शोधायला ते पक्कं आहे, जर प्रश्न नेमका विचारला तर. गुरुजींच्या कथेत वखर आहे. यंत्रानं "हल" लिहून टाकलं. हल म्हणजे नांगर, तो माती उलथतो. वखराची आडवी पास वरची माती खरवडते, तण कापते. मी माझ्या यंत्राला विचारलं, "बैलांनी ओढायचं, आडव्या लोखंडी पात्याचं, पेरणीआधी जमीन खरवडायचं अवजार. मध्य प्रदेशातल्या बैतूल, छिंदवाडा, निमाड भागात शेतकरी याला काय म्हणतात? खात्री नसेल तर तसं सांग." त्यानं तीन शब्द दिले, पहिला होता "बखर". आपल्याकडं बखर म्हणजे इतिहास, म्हणून मी चमकले. पण आमच्या वरूडला संत्र्याच्या दिवसांत पांढुर्ण्याकडचे गाडीवाले येतात. त्यांच्यातल्या एकाला विचारलं तर तो म्हणाला, हाँ, बखर ही तो है, और क्या कहेंगे. उभ्या पिकातलं तण काढायच्या डवऱ्याला तिकडं डोरा म्हणतात, तिफणीला तिफनच. अवजारं सातपुडा ओलांडून गेली तेव्हा नावंही बरोबर घेऊन गेली. हे यंत्रानं मला शोधून दिलं, मी ते मान्य करते. पण वस्तू काय आहे हे मी सांगितलं, जागा मी सांगितली, आणि खरं-खोटं गाडीवाल्यानं केलं.

दुसरं, तुमच्या शब्दांची एक यादी करा. चाळीस-पन्नास शब्द पुरतील. वावर म्हणजे खेत, धुरा म्हणजे मेड़, जागल म्हणजे रानडुकरांपासून पीक राखायला रात्री वावरात थांबणं, "करून ऱ्हायला" म्हणजे "कर रहा है", "मले" म्हणजे "मुझे", "काऊन" म्हणजे "क्यों". यंत्राशी नवीन बोलणं सुरू केलं की आधी ही यादी द्या. मागच्या वेळी समजावलेलं त्याला आठवेल असं धरू नका. यादी दिल्यावर "जागलीले गेला" चं "जागरण में गया" होणं थांबेल. सध्या तुमच्या कथेतला गडी देवीच्या जागरणाला गेलाय, हातात काठी आणि बॅटरी घेऊन.

तिसरं, आणि मला सर्वात जास्त कामाला येणारं. तुमचा हिंदी खर्डा, फक्त हिंदी, त्याला द्या आणि सांगा: "तू भोपाळचा वाचक आहेस, विदर्भ तू पाहिलेला नाही. कुठं अडलास ते फक्त विचार. वाक्य बदलू नको." मग ते प्रश्न विचारतं. त्यातले निम्मे सोडून द्यायचे असतात. उरलेल्या निम्म्यात तुम्हाला दिसेल की गावातल्या माणसाला सांगायची गरज नव्हती म्हणून गुरुजींनी जे सांगितलं नाही, ते कुठं एका शब्दानं उघडायला हवं आणि कुठं तसंच ठेवायला हवं. "वाक्य बदलू नको" हे दर वेळी सांगा. ते विसरतं आणि पॉलिश करायला घेतं.

चौथं, गळती तपासायला. मूळ आणि तुमची हिंदी दोन्ही देऊन विचारा, कोणतं वाक्य सुटलं, कोणतं वाढलं. हे तुमच्या आत्ताच्या मजकुरावर मी हातानं केलं. तिसरी कथा गुरुजींनी "आन् तो निंगून गेला" इथं संपवलीय. एआयच्या हिंदीत त्याच्यानंतर एक वाक्य आहे: "उसकी आँखों में एक अजीब-सी उदासी थी।" हे गुरुजींचं नाही. वहीत नाही. गुरुजींना उदासी सांगायची असती तर त्यांनी सांगितली असती. ते वाक्य आजच काढा.

संवाद मात्र यंत्राकडं देऊ नका, आणि शिव्या तर मुळीच नाही. "भैताड" चं त्यानं "नादान" केलंय. आजी नातवाला भैताड म्हणते त्यात राग, लाड आणि हताशपणा एकत्र असतो. नादान हा सिनेमातल्या गाण्याचा शब्द आहे. तिथं "बावला" चालतो का, "पगलेट" चालतो का, की भैताडच ठेवायचा, हे तुम्ही ठरवा. ठेवला तरी बिघडत नाही. 2025 साली बानू मुश्ताक यांच्या कन्नड कथांच्या इंग्रजी अनुवादाला आंतरराष्ट्रीय बुकर मिळालं, त्यात दीपा भास्ती यांनी कन्नड शब्द तसेच राहू दिले, तिरप्या अक्षरात छापले नाहीत, तळटीपा दिल्या नाहीत. इंग्रजी वाचकाला कन्नड शब्द पचतो तर हिंदी वाचकाला आपला एखादा वऱ्हाडी शब्द का पचू नये?

कोशाचं सांगते. दाते आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा महाराष्ट्र शब्दकोश 1932 ते 1938 या काळात सात विभागांत निघाला. त्यात शब्दापुढं व. म्हणजे वऱ्हाडी, ना. म्हणजे नागपुरी अशा खुणा असतात. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश त्याहून जुना, 1857 ची त्याची दुसरी आवृत्ती. दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संकेतस्थळावर फुकट बघता येतात, मोबाईलवरही उघडतात. यंत्रानं एखादा अर्थ छातीठोकपणे सांगितला की आधी तिथं जा. आणि वर्ध्याला महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय आहे, तिथं अनुवादाचा वेगळा विभाग आहे. दारव्ह्याहून एका दिवसाचं जाणं-येणं. तिथं शिकणाऱ्या एखाद्या बिहारच्या किंवा बुंदेलखंडच्या मुलाला तुमचं पान वाचायला द्या आणि त्याचा चेहरा बघा. सौंसर-पांढुर्ण्याकडचा, मराठी घरातला पण हिंदी शाळेतला वाचक मिळाला तर सोन्याहून पिवळं. त्याला दोन्ही बाजू ऐकू येतात.

फसवणुकीबद्दल विचारलंत. यंत्राची मदत घेणं ही फसवणूक आहे असं मी मानत नाही. पण तुम्ही पाठवलेल्या दोन कथांवर "अनुवाद" म्हणून तुमचं एकट्याचं नाव आहे आणि संपादकांना हे माहीत नाही, ते मला चालणार नाही, आणि तुम्हालाही चालत नाही म्हणून तर पत्र लिहिलंत. आजच संपादकांना लिहा की दुसरी आणि तिसरी कथा छापू नका, त्यांचा खर्डा यंत्राचा आहे, त्यात चुका सापडल्या आहेत, मी दोन महिन्यांत नव्यानं पाठवतो. पहिली तुमची आहे, ती जाऊ द्या. ते नाराज होतील कदाचित. एखाद्या संपादकानं यामुळं दार लावलं तर लावू द्या, कथा चौदा आहेत आणि मासिकं बरीच आहेत. नव्यानं पाठवाल तेव्हा शेवटी एक ओळ घाला: खर्डा माझा, शब्द शोधण्यासाठी आणि तपासणीसाठी एआय सहायकाची मदत घेतली. एवढं पुरे.

बाईंचं मात्र नीट करा. त्यांनी वह्या दिल्या, तोंडी सांगितलं, ते मोठंच आहे. पण आपल्याकडं कॉपीराइटचा कायदा 1957 चा आहे. त्यानुसार भाषांतर करू देण्याचा हक्क लेखकाचा, आणि लेखकानंतर वारसांचा. गुरुजींच्या हयातीत या कथा छापल्या नाहीत, म्हणून हक्काची साठ वर्षं त्या पहिल्यांदा छापून येतील त्याच्या पुढच्या वर्षापासून मोजायची. बाई आणि मुलंबाळं असतील तर ती, सगळ्यांची लेखी संमती घ्या, साध्या कागदावर चालेल: कोणत्या कथा, कोणत्या भाषेत, मानधनाचा वाटा किती. आंतरराष्ट्रीय बुकरची रक्कम लेखक आणि अनुवादक निम्मी-निम्मी घेतात. मासिकाचं मानधन थोडं असेल, तरी बाईंच्या हातात निम्मं द्या.

त्याच कागदावर आणखी एक विचारा, आणि हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. या कथा अजून कुठंही छापलेल्या नाहीत. अख्खी कथा सहायकाला देणं म्हणजे ती तुमच्या मोबाईलबाहेर जाणं. बऱ्याच सेवा आपलं बोलणं पुढच्या शिकवणीसाठी वापरतात. सेटिंगमध्ये ते बंद करायची सोय बहुधा असते, ती आधी शोधून बंद करा. तरी बाईंना विचारायलाच हवं की त्यांना हे चालतं का. धुऱ्याच्या कथेत गावातल्या खऱ्या घराण्यांची नावं आहेत असं मला वाटलं. ती यंत्रात टाकू नका, तिथं दुसरी नावं घाला. वाक्य, परिच्छेद असं थोडं-थोडं विचारलं तरी काम होतं.

राहिली ती तळटीप. दुसऱ्या कथेत कापूस वेचणीच्या आधी बायका सीतादही करतात. यंत्रानं खाली टीप दिलीय: "सीतादही: चैत्र मास में देवी सीता के लिए रखा जाने वाला व्रत।" इतक्या ठामपणे लिहिलंय की क्षणभर मीच विचारात पडले. चैत्रात कुठली वेचणी? तेव्हा पऱ्हाट्या उपटून वावर मोकळं झालेलं असतं. पहिली वेच दसरा-दिवाळीच्या सुमाराला येते, तेव्हा पऱ्हाटीपाशी दहीभाताचा नैवेद्य ठेवून मग बायका ओटी बांधतात. टीप काढून टाका, शब्द तसाच ठेवा. आणि या आठवड्यात बाईंकडं जाल तेव्हा विचारा, त्यांच्या वावरात तो दहीभात कोण ठेवायचं, कोणत्या तासाच्या टोकाशी, आणि ठेवताना तोंडानं काय म्हणायचे. रेकॉर्डर सुरू ठेवा.